गुरूवरचा उजेड

१ फेब्रुवारी २०२६, रविवार

ज्ञानूनं परस्पर घोळ घातला!

आष्ट्याच्या हायस्कुलात मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली तीन वर्षं हा ज्ञानू शेवटच्या बाकावर झोपा काढायचा. आता त्याच शाळेचा हेडमास्तर आहे. सकाळी सकाळी फोन – "सर, अठ्ठावीसला विज्ञान दिनाला शरयूताई येत्यात आपल्याकडं. पुण्याला फोन केलता मी. व्हय म्हणाल्या." मला न विचारता! "सर, लाईनवर हाय का न्हाई?"

होय म्हणाली. दोन वर्षांत माझी मुलगी कशालाच होय म्हणालेली नाही. दिवाळीला ये – नको. डॉक्टरांना दाखवू – नको. आत्याकडं लग्न आहे, तोंड तरी दाखव – नको. आणि ज्ञानूला होय!

संध्याकाळी तिचाच फोन. "बाबा, मराठीत बोलायचंय. माझ्याकडं शब्द नाहीत. तुम्ही द्याल?" विषय तिचा नेहमीचा, ज्यात तिनं पीएचडी केली तो. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून या मोठ्या ग्रहांवर आभाळात जो उजेड पडतो, तो कशामुळं. म्हटलं, नुसते फोनवर शब्द कसे देणार? रजा काढ, भाषणापर्यंत इथं सांगलीत राहा. तर यालाही होय!

मला आनंद व्हायला पाहिजे. झालाही. पण चार आठवडे ती समोर असणार. आणि एक गोष्ट तिला सांगायची आहे, ती मी दोन वर्षं दाबून ठेवलीय. या खेपेला सांगायचीच.

४ फेब्रुवारी, बुधवार

आली. वाळून गेलीय. राहीबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तोंडावर सांगितलं, "काय गं हे? पुण्यात जेवाण मिळत न्हाई व्हय?" सोळा वर्षं आमच्याकडं स्वयंपाक करतात. शरयूची आई गेल्यापासून तर घर त्यांच्याच हुकमावर चालतं.

अर्धी पोळी खाऊन उठली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला धडा. मास्तर कोण, विद्यार्थी कोण, सगळं उलटं!

मी आपला जुना पाठ सुरू केला. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सुटतो. पृथ्वीचं चुंबकत्व त्यातले काही कण ध्रुवांकडं नेतं. ते हवेवर आपटतात, हवा उजळते. झाला ध्रुवीय प्रकाश. गुरूवर तेच, फक्त मोठ्या प्रमाणात.

"पृथ्वीपुरतं ठीक आहे, बाबा. गुरूवर नाही."

"म्हणजे?"

"गुरूवरचा मुख्य उजेड सूर्यामुळं नाही. सूर्याचा थोडा हात असतो, पण मुख्य कारण तो नाही."

मग मी एकतीस वर्षं काय सांगत होतो? चडफडलो थोडा. मग वही घेऊन खाली मान घालून बसलो. तिनं सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहून काढतो, भाषणाला तसंच घालू.

गुरूच्या अगदी जवळून फिरणारा एक चंद्र आहे – आयो. त्याच्यावर ज्वालामुखी पेटलेले असतात. सेकंदाला साधारण टनभर गंधकाचा वायू त्याच्यापासून सुटतो. सेकंदाला! त्या वायूला विद्युतभार येतो. इकडं गुरू एवढं अवाढव्य धूड, पण दहा तासांत एक गिरकी घेतो, आणि त्याचं चुंबकत्व त्या वायूला आपल्याबरोबर फरपटत नेतं. वायू जसजसा बाहेर सरकतो तसा मागं पडायला लागतो. गुरू ओढतोय, तो रेंगाळतोय. या ओढाताणीत प्रचंड वीज वाहते, विजेचे कण गुरूच्या ध्रुवांवर ओतले जातात, आणि तिथं उजेड. बराचसा आपल्या डोळ्यांना न दिसणारा, पण कायमचा. पृथ्वीवरचा येतो-जातो. गुरूवरचा विझत नाही.

"पोरांना कळेल का?" मी विचारलं.

"जत्रेतला चक्री पाळणा सांगू. मधला खांब गरागरा फिरतोय, टोकाचं पोर मागं खेचलं जातंय. साखळीला बसतो तो ताण." एवढं बोलून कागद आवरत सहज म्हणाली, "गंमत बघा ना, किती जण कारण लांब सूर्यात शोधत होते. ते होतं तिथंच, घरात."

मी पाणी प्यायला उठलो.

७ फेब्रुवारी, शनिवार

आजही नाही सांगितलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

निमिष जाऊन आज दोन वर्षं.

वाईचा मुलगा. पाचगणीला बोर्डिंग शाळेत गणित शिकवायचा. लग्न शरयूनंच जमवलेलं, पण मी मुलगा बघताक्षणी होय म्हणालो असतो असा मुलगा. दोन वर्षांपूर्वी रविवारी सकाळी मोटारसायकलवरून पसरणी घाट उतरत होता. वळणावर खडी सांडलेली. बास. एकतिसावं चालू होतं.

शरयू पहाटेच्या एसटीनं वाईला गेली, त्याच्या आईकडं. "मी येऊ?" "नको, बाबा." दार लावून घेतलं आणि मी २०२३ ची रोजनिशी काढली. ते पान मला पाठ आहे, तरी काढली.

"१९ ऑगस्ट २०२३, शनिवार. म्हैसाळकर गुरुजी अवचित आले. बोलावलं नव्हतं. चहा घेतला. म्हणाले, हरिभाऊ, शरयूची पत्रिका सहज पाहिली. कन्या रास. गुरू आठवा चालू आहे, पुढच्या मेपर्यंत मुलीला गुरुबळ नाही. डिसेंबरात लग्न करू नये असं माझं मत. पुढं तुमची मर्जी. – डोळ्याला डोळा नाही."

आणि मी ऐकलं! मी – जो वर्गात हातवारे करून सांगायचा, गुरू हा हायड्रोजनचा गोळा आहे रे, तो तुमची लग्नं लावायला बसलेला नाही! पोरं खो खो हसायची. पण शरयूची आई दवाखान्यात होती तेव्हा, २०१९ साली, हाच मी गुपचूप गुरुजींच्या दारात जाऊन बसलो होतो. ते म्हणाले, काळ कठीण आहे. तीन आठवड्यांत ती गेली. तेव्हापासून मनात काहीतरी अडकलं ते अडकलंच. त्यात २०२३ च्या जूनमध्ये माझ्या हृदयात स्प्रिंग बसवली. भ्यायलो होतो मी. सरळ सांगायचं तर फार भ्यायलो होतो. आपण असू नसू, पोरीच्या वाट्याला काही वाईट येऊ नये.

पण तोंडानं कसं सांगणार? हरी मास्तर गुरुबळ नाही म्हणून लग्न पुढं ढकलतोय? सगळं आष्टा हसलं असतं. म्हणून खोटं बोललो. डिसेंबरात कार्यालय मिळत नाही, एकदम पुढच्या जुलैत मिळतंय. कार्यालय मिळत होतं! डिसेंबरच्या दोन तारखा कार्यालयवाल्यांनी मला फोनवर दिल्या होत्या. शरयू नुसतं "बरं" म्हणाली.

पान उलटलं की मागं दुसरा दिवस. "२० ऑगस्ट, रविवार. निमिष आला. भडंग दोन ताटल्या खाल्ले. कार्यालयाचं सांगितलं. खूप हसला. म्हणाला, चालेल हो बाबा, कार्यालय काय पळून जातंय!" किती मोकळा हसला होता. मला वाटलं, किती समजूतदार पोरगं.

डिसेंबरात लग्न झालं असतं तर जानेवारीत तो पाचगणी सोडून पुण्याला राहायला येणार होता. ठरलेलं होतं. मग फेब्रुवारीत तो त्या घाटात कशाला असता? आणि लग्न पुढं गेलं म्हणून शरयूनं सहा महिन्यांचं जर्मनीचं काम घेतलं, ऑक्टोबरात गेली. बातमी कळली तेव्हा ती तिथं. तिसऱ्या दिवशी पोचली. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही तिला.

हे सगळं माझ्यामुळं. गुरुजीही गेल्या दिवाळीत वारले. आता हे जाणणारा मी एकटाच.

पान फाडावंसं वाटलं. नाही फाडलं. नव्या वर्गाला पहिल्या दिवशी मी हेच सांगायचो – निरीक्षणवहीचं पान फाडायचं नाही. आकडा चुकला तर त्यावर एक सरळ रेघ मारा, शेजारी बरोबर लिहा. पान मात्र राहू द्या, चूक कुठं झाली ते त्यावरूनच कळतं. ज्ञानूनं एकदा फाडलं होतं, तर त्याला अख्खा तास वर्गाबाहेर उभा केला होता.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी परत आली. डोळे सुजलेले. राहीबाईंनी तिच्या केसांना तेल लावून दिलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. खिचडी खाऊन दुसरा धडा.

शनीवर कारणांची भेळ. थोडा सूर्याचा हात, थोडे त्याच्याच वरच्या हवेतले जोरकस वारे. युरेनस-नेपच्यूनची तऱ्हाच निराळी. त्यांच्या पोटातलं चुंबकत्व तिरकं बसलंय. मध्यावरही नाही, एका बाजूला सरकलेलं. त्यामुळं उजेड ध्रुवांवर पडायचा सोडून भलतीकडंच पडतो.

मी अडून बसलो. "मग त्याला ध्रुवीय प्रकाश कसं म्हणायचं? ध्रुवाचा संबंध काय?"

"बाबा, सगळं जग म्हणतं."

"जग म्हणू दे. आष्ट्यात नाही चालणार!"

हसली! खरंच हसली. दोन वर्षांनी. शेवटी असं ठरलं की भाषणात नुसतं 'उजेड' म्हणायचं.

नेपच्यूनवरचा उजेड तर कित्येक वर्षं कुणाला सापडतच नव्हता. पूर्वी जवळून गेलेल्या यानाला नुसती चाहूल लागली होती. आत्ता कुठं नव्या अवकाश दुर्बिणीला नीट दिसला. "त्याची वरची हवा पूर्वीपेक्षा खूप थंड झालीय, म्हणून उजेड फिका पडलाय," शरयू म्हणाली. "दिसत नव्हता. पण होता."

राहीबाई दाराला टेकून ऐकत होत्या. त्यांचा पृथ्वीराज फौजेत आहे, सीमेवर कुठंतरी. "बरुबर हाय," म्हणाल्या, "म्हैना म्हैना फोन येत न्हाई. म्हणून काय पोरगं न्हाई असं हाय व्हय?" पदरानं तोंड पुसून आत गेल्या. शरयू बराच वेळ त्यांच्या पाठीकडं बघत होती.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी साडेसातला गच्चीवर. रस्त्यावर शिवजयंतीचे ढोल. माझी जुनी दुर्बीण लावली. गुरू जवळजवळ डोक्यावर, ठसठशीत. शेजारी चार चंद्र मोहरीएवढे. सगळ्यात जवळचा तो आयो.

"आयोचा स्वतःचा एक ठिपका असतो, बाबा. गुरूवरच्या उजेडात. आयो जसा फिरतो तसा तो ठिपकाही सरकतो, आणि मागं शेपटी. आयो पुढं निघून गेला तरी शेपटी बराच वेळ उजळत राहते." तिनं पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. "निमिषला तो ठिपका फार आवडायचा. त्यानं फोनवर तोच फोटो लावला होता."

निमिषचं नाव! माझ्यासमोर तिनं ते दोन वर्षांत पहिल्यांदा घेतलं. मी दुर्बिणीचा पाय घट्ट धरला.

"शरयू, मला तुला एक –"

"काय, बाबा?"

ढोल अगदी खाली आले होते. "काही नाही. शाल घे. गार सुटलंय."

भित्रा! भित्रा मास्तर!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज नक्की सांगणार होतो. मग वाटलं, भाषण होऊ दे. आधीच सांगितलं तर ती पोरांसमोर उभी कशी राहील? (सबब आहे. कळतंय मला.)

२८ फेब्रुवारी, शनिवार

भाषण झालं. फार सुंदर झालं. आणि फार वाईट झालं.

ज्ञानूनं हॉल झाडून घेतला होता. पोरं सतरंजीवर, मी पहिल्या खुर्चीवर. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, तेवढा वेळ ती थांबायची आणि पुन्हा तिथूनच सुरू करायची. चाळीस मिनिटं कागदाकडं पाहिलं नाही. चक्री पाळण्याला तर पोरांनी टाळ्याच वाजवल्या. मला वाटलं, परत आली माझी पोरगी.

मग प्रश्न. नववीतली शिवांजली, दोन वेण्यांची, धीट. "मॅडम, माझे पप्पा आर्मीत हाईत. दोन वर्सांमागं लडाखला रात्री आभाळ लाल झालतं. पप्पांनी फोटो धाडलाय. ते ह्येच का?" शरयू खूश झाली. हेच, म्हणाली. तो मात्र सूर्याचा प्रताप. एरवी इतका खाली दिसत नाही, तेव्हा सूर्यावर फार मोठी वादळं झाली होती. तुझ्या पप्पांनी जे पाहिलं ते मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही!

शिवांजली बसेना. "अजून एक इचारू? आमच्या ताईचं लगीन गुरुबळ न्हाई म्हणून थांबलंय. ते बळ म्हंजी ह्येच का?"

सगळा हॉल हसला. ज्ञानू ओरडला, "ए, बस खाली!" मी खुर्चीत थिजलो.

शरयू हसली नाही. तिनं टेबलाची कड धरली.

"नाही गं," ती म्हणाली. "ते बळ तिथलं तिथंच असतं. आयो वायू सोडतो, गुरू ओढतो, उजेड पडतो. ताईच्या लग्नापर्यंत त्यातलं काही पोचत नाही." आवाज फाटला. "घरी जाऊन सांग. मॅडमनी सांगितलंय म्हणून सांग. लग्न थांबवू नका म्हणावं. अजिबात थांबवू नका."

खाली बसली. ज्ञानूनं कसंबसं आभार आटोपले.

गाडीत सांगलीपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मला एकच वाटत होतं – हिला कळलंय. कुणीतरी सांगितलंय. हे सगळं माझ्यासाठीच बोलली ती.

१ मार्च, रविवार

सांगितलं.

सकाळी, स्वयंपाकघरात, राहीबाई यायच्या आधी. काही मांडणी केली नाही. म्हटलं, शरयू, कार्यालय मिळत होतं. डिसेंबरात. मी खोटं बोललो. तुला आठवा गुरू होता, गुरुबळ नव्हतं, म्हणून मी लग्न पुढं ढकललं. नाहीतर निमिष पुण्यात असता. तू इथं असतीस. सगळं माझ्यामुळं झालं, बाळा.

आणि रडलो. म्हातारा माणूस, हातात चहाचं गाळणं घेऊन.

मला वाटलं होतं ओरडेल. बॅग भरून निघून जाईल. दोन वर्षं मनात तेच बघत होतो. पण ती उभीच. पांढरी पडली. मग भलताच प्रश्न विचारला.

"बाबा, गुरुजींना तुम्ही जाऊन विचारलंत? की ते आपणहून आले?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"आधी कोण बोललं, बाबा? तुम्ही की गुरुजी?"

मला सांगता येईना. हुंदका आवरत नव्हता. तिनं पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मग राहीबाई आल्या आणि ती खोलीत गेली. दिवसभर बाहेर आली नाही. ताट तसंच परत. "काय म्हणालासा तिला?" राहीबाई माझ्यावर डाफरल्या.

काय फरक पडतो, कोण आधी बोललं?

२ मार्च, सोमवार. सकाळ

कळलं काय फरक पडतो.

पहाटे माझ्या खाटेशी येऊन बसली. रात्रभर झोपलेली नव्हती. अंधारातच बोलली, बरं झालं, तोंड दिसत नव्हतं.

"गुरुजींकडं मी गेले होते, बाबा."

जर्मनीचं काम तिला त्या ऑगस्टमध्येच मिळालं होतं. लग्न पुढं गेल्यावर नाही – आधीच! ऑक्टोबर ते मार्च जावं लागणार, नाहीतर संधी दुसऱ्याला. आणि मी छातीत स्प्रिंग घालून घेऊन घरी आलेलो, ज्याला त्याला सांगतोय, या डिसेंबरात पोरीचं लग्न बघतो, मग काय व्हायचं ते होवो. "तुम्हाला नाही कसं म्हणू? मला भीती वाटली." म्हणून गुरुजींना गाठलं. पत्रिकेत काही निघतंय का बघा. निघालं. आठवा गुरू होताच, त्यांना खोटं बोलावं लागलं नाही. फक्त बाबांना तुम्हीच जाऊन सांगा, माझं नाव घेऊ नका, एवढी गळ घातली.

"पण मी मानीन असं तुला वाटलंच कसं?" मी विचारलं.

"तुमच्या कपाटात भौतिकशास्त्राच्या पुस्तकांमागं पंचांग असतं, बाबा. आई गेली तेव्हापासून."

निमिषला ठाऊक होतं. त्यालाच विचारून तिनं केलं. तो म्हणाला होता, गुरूच्या कामासाठी गुरूलाच पुढं कर, मस्त आहे! म्हणून तो हसला होता त्या दिवशी. मी तोंड पाडून कार्यालयाचं सांगत होतो, आणि तो भडंग खात हसत होता.

"मी मारलं त्याला," ती म्हणाली. अगदी हळू. "दोन वर्षं तुम्हाला सांगायचंय. तुम्ही माझ्याकडं बघून रडायचात आणि मला सांगवायचं नाही."

म्हणजे दोन वर्षं मी जे उचलून फिरत होतो, तेच ही माझी पोर उचलून फिरत होती. एकटी. जेवत नाही, झोपत नाही. आणि मी शब्द देत बसलो होतो!

तिला जवळ घेतलं. आणि मग एकदम सुचलं.

२ मार्च, होळी पेटल्यावर

तिला सांगितलं – तू गेलीस त्याच्या महिनाभर आधी, जुलैत, मीच गुरुजींकडं गेलो होतो. आठवा गुरू मला तेव्हाच कळला. लग्न पुढं ढकलायचं मी तेव्हाच ठरवलं होतं. तू गेली नसतीस तरी तेच झालं असतं, बाळा. तुझ्यामुळं काही झालं नाही.

"मग गुरुजी मला तसं का बोलले नाहीत?"

"मीच बजावलं होतं, मुलीला कळू देऊ नका."

माझ्याकडं बघत राहिली. "रोजनिशीत असेल ना तुमच्या? तारीख?"

"असेल. बघून सांगतो."

दुपारी ती पडली तेव्हा १९ ऑगस्टचं पान फाडलं – 'बोलावलं नव्हतं' हे त्यावर माझ्याच अक्षरात होतं. मागची बाजू पाठ आहे, तेवढी इथं उतरवून ठेवतो – २० ऑगस्ट २०२३, रविवार. निमिष आला. भडंग दोन ताटल्या खाल्ले. खूप हसला. – एवढंच. बाकीचं नको.

संध्याकाळी नारळाबरोबर ते पान होळीत टाकलं. पोरं बोंबा मारत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. घरी येऊन म्हटलं, शरयू, वाळवी लागली होती, त्या वर्षाची पानं सुटून आलीत. पण जुलैच होता, पक्कं आठवतंय मला. पटलं का, देव जाणे.

राहीबाईंनी पुरणाची पोळी वाढली. तिनं खाल्ली. मग ताट पुढं केलं आणि आणखी एक मागितली.